पोरांना टेकडीवर न्या, पण खड्डे खणायला नको

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या हद्दीलगतच्या एका महाविद्यालयात एक प्राध्यापिका राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) काम बघतात. महाविद्यालयाच्या मागेच टेकडी आहे. दर जुलैत तिथे वृक्षारोपण होतं, बॅनरसकट फोटो निघतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपं मेलेली असतात आणि मुलंही पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. यंदा शंभर स्वयंसेवक आहेत, एका कंपनीने रोपं आणि टी-शर्ट देऊ केले आहेत. त्या विचारतात, मुलांना टेकडीचं काही वाटावं, ती टिकावी म्हणून त्यांनी काही करावं, यासाठी नेमकं काय करू?

मॅडम, पहिल्यांदा ती रोपं नाकारा. टी-शर्ट घ्या हवं तर.

रोपं मरतात यात मुलांचा आळस कमी आणि जमिनीचा हात जास्त आहे. पुण्याच्या टेकड्या म्हणजे काळा बसाल्ट आणि त्यावर मातीचा पातळ थर. माथ्यावर पहार मारली की वीतभर खाली मुरूम लागतो, कुठे कुठे थेट कातळ. पावसाळ्यात तो खड्डा पाण्याने भरतो, मुळं कुजतात. ऑक्टोबरनंतर सहा-सात महिने जवळपास पाऊस नाही. अशा जागी निसर्गाने गवत ठेवलंय ते उगाच नाही. झाडं आहेत, पण ती उतारावर आणि घळींत: सालई, मोई, पांढरूख, वारस, मेडशिंगी, गणेर. उन्हाळ्यात ही मंडळी पानं गाळून निवांत उभी असतात आणि लोकांना वाटतं, टेकडी उजाड झाली. काही दशकांपूर्वी या टेकड्या 'हिरव्या' करायच्या म्हणून ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती जगली, भराभर वाढली. तिच्या दाटीत आज खाली गवत टिकत नाही. तेव्हा माळरानावर झाड लावणं हे नेहमीच पुण्यकर्म असतं, हा समज शक्यतो पहिल्याच बैठकीत मोडून काढा. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, आणि तो बसलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. आपण मुलांना टेकडीवर नेतो ते मजूर म्हणून. टिकाव, फावडं, रांग, हजेरी, वडापाव, घरी. कुठे काय करायचं हे वनखातं, कंपनी आणि प्राचार्य यांनी आधीच ठरवलेलं असतं. मुलांनी ठरवावं असं त्यात काही उरत नाही, आणि जिथे आपण काही ठरवलेलं नाही तिथे कुणी परत कशाला जाईल? माझा अनुभव सांगतो की क्रम उलटा हवा. आधी नुसतं जाणं-येणं, मग ओळख, मग लहानसा तुकडा पूर्णपणे मुलांच्या हवाली, आणि श्रमदान सगळ्यात शेवटी. ते तेव्हा मुलं स्वतःच मागतात.

जाणं-येणं म्हणजे तीन-चार महिने काहीही 'उपक्रम' न करता त्याच टेकडीवर, त्याच वाटेने, ठरल्या वारी जायचं. शंभर जणांना एकदम नाही, पंधरा-वीसच्या गटांनी. रासेयोत वर्षाला 120 तास असतात आणि मूल दोन वर्षं असतं. हा वेळ पुष्कळ आहे, फक्त तो आज स्वच्छता, उद्या रॅली, परवा रक्तदान असा वाटला जातो. त्यातला निम्मा वेळ जरी एकाच टेकडीला दिलात तरी दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना वाट दाखवू लागतात. तुम्ही मागे चालायला मोकळ्या.

या ओळखीत काय होतं ते एका सकाळवरून सांगतो. एप्रिलचे दिवस, माथ्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. कॉमर्सच्या मुलांचा गट, अर्ध्यांचं लक्ष मोबाइलमध्ये. एक पिवळ्या गालाची टिटवी समोर धावत सुटली, थांबली, ओरडली, पुन्हा मान खाली घालून धावली. एका मुलीला ते विचित्र वाटलं. ती म्हणाली, हा पक्षी उडून का जात नाही, आपल्याला कुठेतरी नेतोय. सगळे जागच्या जागी थांबले. दोन पावलांवर मुरमात चार अंडी होती, मुरमाच्याच रंगाची, वर काळपट डाग. घरटं असं काही नाहीच, बोटभर खोलगट जागा आणि कडेला चार खडे. तिथे खूण म्हणून दगड रचू या, असं एकाने सुचवलं. दुसरा म्हणाला, नको, खूण आपल्याला दिसेल तशी कुत्र्यांनाही दिसेल. मग लांबचं एक हिवराचं झुडूप धरून जागा लक्षात ठेवायची ठरली. मी त्यात एक शब्दही बोललो नाही. पुढच्या शनिवारी मी बोलवायच्या आधीच मेसेज: सर, टिटवीचं काय झालं बघायला जायचं ना? फार जवळ जायचं नाही, दुर्बिणीतूनच बघायचं, हा नियमही त्यांनीच केला.

त्या मुलांना नंतर 'माळरान का जपायचं' यावर व्याख्यान द्यावं लागलं नाही. पावसाळ्यात याच गवतात लावे अंडी घालतात, हे सांगितल्यावर जुलैतले शंभर खड्डे कुठे पडणार होते हे त्यांनी आपणहून मोजून पाहिलं.

ओळख झाल्यावर तुकडा द्या. अर्धा-एक एकर पुरे. त्या तुकड्याची वही मुलांची: कुठलं गवत कधी फुललं, कुठली वाट नवीन पडली, कुठे कचरा, कुठे जळालेलं. गवतं ओळखायला अवघड, त्याला घाबरू नका. पवना, मारवेल, कुसळी एवढी तीन ओळखू आली तरी मुलांना टेकडी वाचता येऊ लागते. वनस्पती आणि पक्षी नोंदवायला आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड ही ॲप मोफत आहेत. 5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंत्यांच्या दरम्यान. नोंदी सुरू करायला तो मुहूर्त चांगला. एक पथ्य मात्र कडक पाळा. घरटी, घुबडांच्या ढोली, कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पती यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. फोटो टाका, जागा नको. एक रील व्हायरल झालं की आठवड्याभरात तिथलं गवत तुडवून सपाट झालेलं असतं.

श्रमदान करायचंच असेल तर झाडं लावण्याऐवजी उपटण्याचं करा. गंमत वाटेल, पण पुण्याच्या टेकड्यांवर सगळ्यात उपयोगी काम तेच आहे. कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून सुटलेला, नारिंगी-पिवळ्या फुलांचा. सप्टेंबरच्या सुमारास टेकड्यांवर याचे गालिचे दिसतात, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात आणि 'आमची टेकडी फुलली' म्हणून सगळ्यांना पाठवतात. त्या गालिच्याखाली गवत आणि पावसाळी रानफुलं दबून गेलेली असतात. काम ऑगस्टमध्ये करायचं. रोप गुडघ्याएवढं झालेलं असतं, माती ओली असते, मुळासकट सहज हातात येतं. फुलं आल्यावरही चालतं, पण एकदा काळ्या सुईसारखं बी धरलं की नुसतं उपटून टाकण्यात अर्थ नाही. बी कपड्यांना चिकटून मुलांबरोबरच पुढच्या टेकडीवर जातं. मग बोंडं पोत्यात भरून खालीच आणायची. वार्षिक वनस्पती असल्यामुळे दोन-तीन वर्षं एकाच तुकड्यावर चिकाटीने उपटलं की फरक डोळ्यांना दिसतो, आणि हे मुलांच्या वयात फार महत्त्वाचं. वडाचं रोप लावून त्याची सावली कधी मिळणार? इथे पुढच्याच सप्टेंबरला तुमच्या तुकड्यात सोनकी, म्हणजे इथलं रानफूल, दिसते आणि शेजारच्या तुकड्यात कॉसमॉस. सोनकीही पिवळी, म्हणून उत्साहाच्या भरात तीच उपटली जाऊ शकते. पहिल्या दिवशी दोन्ही रोपं शेजारी ठेवून पानं दाखवा. घाणेरीच्या वाटेला मात्र एकदम जाऊ नका. मोठ्या जाळ्या काढायला अवजारं आणि अनुभव लागतो, शिवाय त्यात पक्षी, मुंगूस असतात.

हे सगळं कुणासाठी, हाही प्रश्न आहे. आपण 'युवा' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बूट घातलेला, दुर्बीण असलेला शहरी विद्यार्थी येतो. टेकडीवर रोज जाणारी तरुण मंडळी वेगळीच असतात: पायथ्याच्या वस्तीतली मुलं, शेळ्या चारणारा पोरगा, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबातल्या मुली, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची पोरं. सकाळी फिरायला येणारे काका त्यांना हटकतात, रखवालदार हाकलतो. तुमच्या गटाला मात्र आत जाऊ देतात, कारण गळ्यात ओळखपत्र आहे. त्यांना बाजूला ठेवून केलेलं संवर्धन मला कधीच पटलेलं नाही आणि ते टिकतही नाही. शेळ्या चारणाऱ्या मुलाला पाणी कुठे उरतं, कोल्ह्याचं बीळ कुठे आहे, वणवा कुठून लागतो, हे सगळं ठाऊक असतं. त्याला गटात घ्या, आणि फुकट नको. महाविद्यालयाच्या निधीतून वाटाड्याचं मानधन द्या. ज्याची दिवसाची मजुरी बुडते त्याला स्वयंसेवा परवडत नाही.

मुलींचा विषय वेगळा काढून बोलायला हवा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि घाटांत लूटमारीच्या, अत्याचाराच्या घटना घडल्यात, पालकांची भीती खोटी नाही. त्यावर मुलींना वगळणं हा उपाय नव्हे. सुरुवातीला पालकांनाच एकदा टेकडीवर घेऊन या. वेळ उजेडातली, ठरलेली वाट, गटात सुरुवातीपासून मुली पुरेशा संख्येने, आणि निघण्याआधी महाविद्यालयातली स्वच्छतागृहं उघडी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. सकाळी सहाला स्वच्छतागृहाला कुलूप असतं म्हणून मुली पाणी न पिता चढतात आणि दुसऱ्या वेळी येत नाहीत, हे कुणी तुम्हाला सांगणार नाही. शिपायाकडून चावी आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

सुरक्षिततेचं बाकीचं थोडक्यात. दगड हाताने उलटायचे नाहीत, खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. चप्पल चालणार नाही. कड्याजवळ आग्या मोहोळ असेल तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. 108 हा रुग्णवाहिकेचा आणि 1926 हा वनखात्याच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. फेब्रुवारीनंतर वणव्याचा हंगाम असतो. धूर दिसला तर कळवायचं, खाली उतरायचं. विझवायला मुलांनी धावायचं नाही, कितीही जोश आला तरी.

परवानगी घ्यायच्या आधी ती जमीन कुणाची हे बघा, आणि हे काम मुलांनाच द्या. टेकडी म्हणजे एक सलग गोष्ट वाटते, कागदावर तिचे तुकडे असतात: काही राखीव वन, काही महापालिकेचं, काही खासगी. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा काढायला लावा, नकाशावर रंगवायला लावा. 1997 साली पुण्यात आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, सुमारे 978 हेक्टर, त्यातली बहुतांश जमीन खासगी मालकीची. हे कळल्यावर 'सरकार टेकड्या वाचवत का नाही' हा प्रश्न मुलं वेगळ्या तऱ्हेने विचारू लागतात. वनजमीन निघाली तर अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करा, आणि बीटच्या वनरक्षकाला आधी जाऊन भेटा. त्याला एकट्याला मोठा भाग सांभाळायचा असतो. डोळे उघडे ठेवणारी पंधरा मुलं त्याला हवीच असतात, शंभर जणांची जत्रा नको असते.

हिवाळी शिबिर तुम्ही दत्तक गावात घेता. तिथे रस्ता झाडण्याऐवजी ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही मागा. गावच्या झाडाझुडपांची, प्राण्यांची ही नोंद 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ठेवायची असते. या नोंदवह्या पूर्ण करायला राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली, न केल्यास राज्याला महिन्याला 10 लाखांचा दंड, आणि मग त्या घाईघाईत भरल्या गेल्या. बऱ्याच गावांत ती वही कपाटात आहे आणि गावातल्या कुणी ती वाचलेली नाही. सात दिवसांत तुमची मुलं आणि गावातली मुलं मिळून ती एकदा म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवू शकतात. कुठली रानभाजी सुटली, देवराईतलं कुठलं झाड चुकीचं लिहिलंय, ते लगेच कळेल. दुरुस्त्या ग्रामसभेपुढे ठेवायच्या, वाचायला गावातलाच मुलगा किंवा मुलगी उभी राहील असं बघा.

हे स्वप्नाळू वाटत असेल तर महाराष्ट्रातलीच तीन ठिकाणं बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, 2006 पासून कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्या घरांत उतरतात. आधी जी अंडी उकरून नेली जायची, त्यांचीच राखण आता गाव करतं, कारण त्यात गावाचा मान आहे आणि चार पैसेही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायची शिस्त होती. तरुणांना काम देण्यापूर्वी बसून चर्चा करायला शिकवणं, हे मी तिथून उचललं. तिसरं साताऱ्याजवळचं कास. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं पठार, आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात, गावातली तरुण मुलं वाटाडे म्हणून उभी असतात. पण तिथेच पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं, गुरं बंद झाली, पुढे फुलं घटल्याच्या तक्रारी आल्या आणि कुंपण काढावं लागलं. माणसं आणि गुरं बाहेर काढली की निसर्ग सुखी, हे समीकरण आपल्या पठारांना लागू पडत नाही. कुंपणाचा प्रस्ताव तुमच्याही टेकडीसाठी येईल, कंपनीच्या पैशातून. तेव्हा हे उदाहरण प्राचार्यांना सांगा.

एक अवघड गोष्ट राहिली. मुलं टेकडीत गुंतली की कधीतरी तिच्यावरून रस्ता जाणार असल्याची बातमी येते आणि ती म्हणतात, सर, मोर्चाला जायचं का? एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यात महाविद्यालयीन मुलं होती. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत आरेच्या झाडतोडीला विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली, त्यांतही विद्यार्थी होते. माझं मत असं, की रासेयोच्या बॅनरखाली आंदोलन नको. ती सरकारी योजना आहे आणि त्याची किंमत पुढच्या मुलांना मोजावी लागते. मात्र अठरा वर्षांवरच्या मुलांना नागरिक म्हणून जायचं असेल तर अडवू नका. अटक झाली, गुन्हा नोंदवला गेला, तर पासपोर्ट आणि नोकरीच्या वेळी काय विचारतात हे आधी स्पष्ट सांगा, म्हणजे जे जातील ते समजून जातील. आणि मोर्चाआधीचं काम शिकवा: विकास आराखड्यात बदल प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी साधारण एका महिन्याची मुदत असते. ज्या मुलांकडे त्या तुकड्याच्या दोन वर्षांच्या तारीखवार नोंदी आहेत, सातबाऱ्यासकट नकाशा आहे, त्यांची हरकत अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही, निदान उत्तर तरी द्यावं लागतं. इथे त्या वहीचं महत्त्व कळतं.

अहवालात काय लिहायचं, ही तुमची अडचण मला माहीत आहे. 'लावलेल्या रोपांची संख्या' या रकान्यात शून्य लिहायला धाडस लागतं. त्याखाली लिहा: निगराणीखालचं क्षेत्र, उपटलेल्या कॉसमॉसची पोती, नोंदवलेल्या प्रजाती, सहभागी स्थानिक तरुण, दुसऱ्या वर्षी टिकलेले स्वयंसेवक. विद्यापीठाला आकडे हवे असतात, ते द्या. कंपनीला म्हणा, रोपांच्या पैशात सहा दुर्बिणी, एक प्रथमोपचार पेटी आणि दोन वाटाड्यांचं वर्षाचं मानधन द्या, लोगो हवा तर दुर्बिणीच्या पिशवीवर छापा. नाही म्हणाले तर पहिलं वर्ष दोन उसन्या दुर्बिणींवर निघतं. वनपरिक्षेत्र कार्यालयातला अर्ज मात्र जूनच्या आधी टाका. पाऊस सुरू झाला की तिथलं सगळं मनुष्यबळ वृक्षलागवडीच्या उद्दिष्टामागे असतं आणि तुमचा कागद ऑगस्ट संपेपर्यंत हलत नाही, तोवर कॉसमॉस फुलून मोकळा.